वेळ पुरत नाही तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून आली आहे : दिवस संपतो, कामं संपत नाहीत, आणि उरलेल्या कामांचा घोर घेऊनच अंथरुणाला पाठ टेकते. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. काय करायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याला प्रत्यक्षात किती मिनिटं लागतात हे फार थोड्यांना. अंदाजावर बेतलेलं वेळापत्रक रोज चुकतं आणि चूक वेळापत्रकाची असूनही माणूस स्वतःलाच बोल लावत राहतो. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत आम्ही आधी मोजायला सांगितलं आहे. ते कंटाळवाणं वाटेल, पण त्याला पर्याय नाही.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, ऑफिसं मुंबईत. मुलगी तिसरीत, मुलगा सीनियर केजीत. मी सव्वापाचला उठते, तरी पावणेआठला घर सोडताना रोज आरडाओरडा होतो. कुणाची तरी बाटली राहते, वहीवर सही राहते. ८.०५ ची लोकल चुकली की लेटमार्क ठरलेला. आणखी लवकर उठू का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. पहाटेचा आणखी अर्धा तास काढलात तर तो झोपेतून जाईल आणि कोंडी जिथे होते तिथे तशीच राहील. आधी ती कुठे होते ते शोधू.

सोमवार ते गुरुवार फ्रिजवर एक कागद लावा. चहा, दूध, भाजी, पोळ्या, डबे, आंघोळी, मुलांचं आवरणं, प्रत्येक काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं एवढंच लिहायचं. फक्त तुमचं नाही, चौघांचंही. या चार दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका, नाहीतर आकडे खोटे येतील. डबा करून बाहेर पडणाऱ्या बहुतेक घरांत कोंडी दोनच ठिकाणी निघते : गॅसच्या शेगड्या आणि बाथरूम. साडेसहा ते सव्वासातच्या दरम्यान भाजी, पोळ्या, दूध आणि मुलांचा नाश्ता हे सगळं दोन शेगड्यांवर येतं. तेव्हा तुमचे हात कितीही भरभर चालले तरी शेगडी मोकळी नसते.

आता लोकलपासून मागे मोजत या. गाडी ८.०५ ची, म्हणजे प्लॅटफॉर्मवर ८.०० ला उभं असायला हवं. पूल चढून-उतरून फलाटावर यायला ५ मिनिटं, म्हणजे स्टेशनबाहेर ७.५५. रिक्षाचा प्रवास १० मिनिटं, रिक्षाच्या रांगेत ८, म्हणजे दार ओढायचं ७.३७ ला. बूट, कुलूप, लिफ्ट यांची ४ मिनिटं धरली तर पायात बूट घालायला सुरुवात ७.३३ ला व्हायला हवी. तुमच्या रिक्षाचे आणि रांगेचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही घाला. पण हिशेब याच जातीचा निघाला, तर पावणेआठला निघणारा माणूस रिक्षाला रांग नसेल त्याच दिवशी गाडी गाठणार. रोजचा ताण तिथून सुरू होतो, कारण गाडी मिळणार की नाही हे रोज रांगेवर सोडलेलं असतं. पावसाळ्यात ती रांग दुप्पट होते, म्हणून जून ते सप्टेंबरचा तक्ता वेगळा ठेवा.

हाताशी मोकळी १० मिनिटं हवीतच, पण ती एकाच ठिकाणी ठेवा, बूट घालायच्या आधी. म्हणजे ७.२३ ला सगळे तयार. प्रत्येक कामात दोन-दोन मिनिटं जास्त धरली तर ती त्या-त्या कामातच जिरतात आणि शेवटी हाती काही उरत नाही.

ही मिनिटं आणायची कुठून? शेगडीवरचं आणि ओट्यावरचं काम आदल्या रात्री हलवून. मात्र सगळंच हलत नाही. कणीक रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी पोळ्या चांगल्या होतात. वापरायच्या २० मिनिटं आधी बाहेर काढा, गार कणकेची पोळी लाटताना आक्रसते. एकाच रात्रीची मळायची, दुसऱ्या दिवसापासून ती काळपट पडून आंबूस होऊ लागते. गवार, फरसबी, कोबी रात्री चिरून चालतात. भेंडी धुवून, पूर्ण कोरडी पुसून मगच चिरायची, पाण्याचा अंश राहिला तर तार सुटते. मेथी निवडून ठेवा पण धुऊ नका. वांगी सकाळीच चिरा. बटाटा रात्री चिरलाच तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण रविवारी करून एकेका भाजीपुरते गोळे फ्रीझरमध्ये टाकले की दोन आठवडे निघतात. मटकीला रविवारी रात्री मोड आलेले हवे असतील तर शनिवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून बांधा. थंडीत मोडांना जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

आणि सोमवार ते शुक्रवारच्या पाच भाज्या ठरवून टाका. 'उद्या काय करू' हा प्रश्न रोज रात्री नव्याने सोडवणं हेही काम आहे, आणि ते कुणाच्याच हिशेबात नसतं.

दप्तरं, सह्या, युनिफॉर्म, मोजे हे रात्री जेवणानंतर, मुलांच्याच हातून. पाण्याची बाटली रात्रीच भरून दप्तराच्या खिशात ठेवायची. ओट्यावर भरून ठेवलेली बाटली ओट्यावरच राहते.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. तुमच्या पत्रात नवरा सकाळी काय करतो याचा उल्लेखच नाही. 'मदत कर' असं म्हटलं की हात त्याचे चालतात पण लक्ष तुम्हालाच ठेवावं लागतं. त्यापेक्षा एक आख्खं काम त्याच्याकडे द्या : मुलांना उठवण्यापासून शाळेच्या बसमध्ये बसवेपर्यंत सगळं, त्यात शाळेच्या सूचना वाचणं आणि फीची तारीख पाहणंही आलं. पहिले दोन आठवडे वेण्या तिरक्या येतील, एखादा रुमाल राहील. तेव्हा मध्ये पडून काम परत हातात घेऊ नका. घेतलंत की ते कायमचं तुमचं झालं.

प्रश्न : पडल्यापडल्या उद्याची कामं डोळ्यांपुढे फिरायला लागतात. गॅस, विमा, लेकीची फी, ऑफिसचं एक पत्र. तासभर झोप लागत नाही. सकाळी उठल्यावर त्यातलं निम्मं आठवतही नाही. — एक वाचक, लातूर

उत्तर : अर्धवट राहिलेलं काम मनात पुन्हा पुन्हा वर येतं. विसरू नये म्हणून मन स्वतःच त्याची आठवण देत राहतं, आणि हे काम कधी, कसं होणार हे ठरलं की ती टोचणी बरीचशी थांबते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ५७ तरुण-तरुणींवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी ५ मिनिटं एका गटाने पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, दुसऱ्याने आतापर्यंत झालेली कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

नेमकी म्हणजे कशी, ते पाहा. 'गॅस' असं लिहू नका. 'सिलिंडरचा नंबर लावणे, सकाळी १० वाजता, मोबाइलवरून' असं लिहा. 'विमा' असं नको, 'विम्याची पावती कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये शोधणे, बुधवारी रात्री' असं हवं. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी : पहिली पायरी, वेळ, जागा. काय करायचं ते सांगणारं क्रियापद ओळीत हवंच, नुसत्या नामावर काम अडून बसतं.

कागद-पेनच वापरा, मोबाइलवर नको. यादी करायला उघडलेल्या मोबाइलवर दुसरंच काहीतरी वाचत अर्धा तास जातो. यादीचे दोन भाग करा. वर 'उद्या', त्यात जास्तीत जास्त ५ ओळी. खाली 'नंतर', तिथे कितीही. तीस कामांची एकच सलग यादी उशाशी ठेवून झोपलं तर घोर वाढतोच. 'नंतर'चा भाग रविवारी वाचायचा आणि त्यातलं जे करणारच नाही ते खोडून टाकायचं. तीन रविवार एकच ओळ नुसती पुढे ढकलली जात असेल तर त्या कामाची पहिली पायरी फार मोठी लिहिली गेली आहे, ती मोडून लहान करा.

दीड-दोन महिने हे करूनही तासन् तास झोप येत नसेल, किंवा पहाटे तीन-चारला जाग येऊन जीव घाबरत असेल, तर तो प्रश्न यादीने सुटणारा नाही. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. दिवसभर सभासद, फोन, मुख्य कार्यालयाचे मेसेज. स्वतःचं काम, म्हणजे थकबाकीची यादी, अहवाल, संध्याकाळी सहानंतरच सुरू होतं. घरी पोचायला साडेआठ. — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : 'लोकांना वेळ ठरवून भेटा', 'फोन बंद ठेवा' हा सल्ला तुमच्या खुर्चीला लागू नाही. समोर आलेल्या सभासदाला परत पाठवता येत नाही आणि पाठवूही नये. तुम्हाला बंद दाराचा वेळ मिळतो तो व्यवहार सुरू होण्याआधी आणि व्यवहार थांबल्यावर. त्यातला सकाळचा जास्त मोलाचा. ९.३० ते १०.१५ अशी पाऊण तासाची जागा धरा आणि थकबाकीची यादी तिथेच ठेवा. तिला डोकं ताजं लागतं. सह्या, व्हाउचर तपासणं, फाइलिंग ही कामं मधल्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी चालतात. तुमच्याकडे हे नेमकं उलटं होत असावं : सकाळी आल्या-आल्या सह्या, आणि डोकं लागणारं काम थकल्यावर.

मधल्या वेळेचं खरं नुकसान व्यत्ययाच्या मिनिटांपेक्षा परत येण्यात होतं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यावरच अडकून राहतो. सोफी लेरॉय या अभ्यासकाने २००९ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. त्यावर एक साधा उपाय आहे. सभासद समोर येऊन बसला की 'बसा हं, एक ओळ लिहितो' म्हणा आणि हातातल्या कागदावर पेन्सिलने पुढची पायरी लिहा : 'खातं क्र. २१४ पर्यंत झालं, पुढे जामीनदारांचे पत्ते.' दहा सेकंदांचं काम. परतल्यावर 'मी कुठे होतो' हे शोधण्यात जाणारी चार-पाच मिनिटं वाचतात, आणि दिवसातून वीस वेळा उठावं लागत असेल तर ती बेरीज तुम्हीच करा.

मुख्य कार्यालयाकडून 'ताबडतोब पाठवा' असा मेसेज आला की एक प्रश्न विचारायची सवय लावा : 'साहेब, हे आज चारपर्यंत हवंय की उद्या सकाळी अकरापर्यंत चालेल?' बऱ्याचदा 'उद्या चालेल' असंच उत्तर येतं, कारण 'ताबडतोब' हा शब्द सवयीने लिहिलेला असतो. 'वेळ नाही' असं म्हणण्यापेक्षा दोन वेळा पुढे ठेवलेल्या बऱ्या. ग्रुपवरचे मेसेज १२ ला, ३ ला आणि ५ ला पाहा. खरंच तातडीचं असेल तो फोन करतो.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विसावा, ही टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून पोमोदोरो नाव पडलेली पद्धत तुमच्या सकाळच्या पाऊण तासाला बसते, दुपारच्या काउंटरला नाही. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी ती १९८० च्या दशकात विद्यार्थी असताना अभ्यासासाठी काढली. ती एकट्याने बसून करायच्या कामासाठी आहे. काउंटरवर वापरायला गेलात तर दर वेळी टायमर मोडेल आणि चिडचिड होईल.

वर्षाचाही विचार करा. मार्चअखेरचं काम मार्चमध्ये आटपत नाही. थकबाकीदारांच्या नोटिसा आणि पत्त्यांची दुरुस्ती जानेवारीत सुरू केली तर ३१ मार्चला शाखेत रात्र काढावी लागणार नाही. १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात घरचं कोणतंही मोठं काम, रंगकाम असो की साखरपुडा, आपल्या अंगावर घेऊ नका, आणि हे घरच्यांना दिवाळीतच सांगून ठेवा.

प्रश्न : राज्यसेवेची तयारी करतोय, सदाशिव पेठेत राहतो. चौदा तासांचं टाइमटेबल लावतो, तिसऱ्या दिवशी कोलमडतं. मग चार दिवस काहीच होत नाही. घरच्यांच्या पैशांचं दडपण वेगळंच. — एक वाचक, पुणे

उत्तर : चौदा तास मनातून काढून टाक. तुझी इच्छाशक्ती कमी नाही, आकडा चुकीचा आहे.

स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीवर बोट ठेवलं. १९९४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला, कारण अंदाज करताना मागचे अनुभव कुणी मोजतच नाही.

तेव्हा सात दिवस टाइमटेबल न लावता फक्त नोंद ठेव. अभ्यासिकेत खुर्चीवर बसल्याची वेळ मोजायची नाही. पुस्तक उघडं आणि मोबाइल बॅगेत, एवढाच वेळ. चहाच्या टपरीवरची चर्चा वेगळ्या रकान्यात. येणारा आकडा पाहून खचू नको. समज, रोजचे सरासरी साडेपाच तास भरले, तर पुढच्या आठवड्याचं टाइमटेबल सहा तासांचं लाव. ते पाळलं गेलं तर त्यापुढच्या आठवड्यात साडेसहा. आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त वाढवायचं नाही.

दुसरं मोजमाप पानांचं. राज्यघटनेची एका तासात, टिपणं काढत, किती पानं होतात? अर्थशास्त्राची किती? हे दोन आकडे सारखे नसतात. समज, ४० पानांचं प्रकरण आहे आणि तुझा वेग तासाला ९ पानं, तर साडेचार तास होतात. त्याला दीडने गुण, म्हणजे पावणेसात तास, जवळजवळ दोन बैठका. 'उद्या एक प्रकरण संपवतो' असं लिहिलं की तिथेच टाइमटेबल मोडायला सुरुवात होते.

रविवारची दुपार कायम कोरी ठेव. तिथे फक्त आठवड्यात राहून गेलेलं येईल. काही राहिलं नसेल तर झोप, घरी फोन कर, पर्वतीवर जाऊन ये. कोरी जागा नसलेल्या टाइमटेबलमध्ये एक दिवस ताप आला की पुढचे सहा दिवस मागे पडतात, आणि मग ते चार दिवस येतात ज्यांबद्दल तू लिहिलंयस.

पैशांच्या दडपणावर एकच सांगतो. किती प्रयत्न द्यायचे आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे घरच्यांसोबत बसून एकदा ठरव आणि तारीख लिहून ठेव. दररोज हा प्रश्न नव्याने उघडला तर सहा तासांतला एक तास त्यातच जाईल.

प्रश्न : मी गृहिणी आहे. सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दवाखाना, लॅब, औषधं, पाहुणे. रात्री नवरा विचारतो, 'दिवसभर काय केलंस?' आणि मला सांगता येत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : सांगता येत नाही कारण हे काम तुकड्यांत होतं आणि संपल्यावर दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं आढळलं. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा आकडा आहे ८८ मिनिटं. माणसांची देखभाल यात धरलेलीच नाही, ती वेगळी मोजली आहे : स्त्रिया १३७ मिनिटं, पुरुष ७५. तुमच्या घरातला आकडा किती येतो ते एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत लिहा आणि तो कागद नवऱ्यासमोर ठेवा. भांडायला नाही, वाटणी करायला.

दवाखान्याच्या कामांत बराच वेळ परत मिळवता येतो. सासऱ्यांची साखर दोनदा तपासायची असते, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. हे चुकलं की पुन्हा फेरी. लॅबचा माणूस घरी येऊन नमुना नेत असेल तर दोन फेऱ्या वाचतात. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही, पण साखरेच्या नमुन्यासोबतच करून घेतली की तिच्यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही. अहवाल डॉक्टरांच्या भेटीच्या निदान दोन दिवस आधी हातात येईल असा दिवस निवडा.

औषधांसाठी सात दिवस आणि तीन वेळांचे खण असलेली डबी घ्या, दोघांची वेगळी, रंगही वेगळा. रविवारी सकाळी एकदाच भरायची. काही गोळ्या पाकिटातून काढून ठेवायच्या नसतात, ते औषधवाल्याला विचारून घ्या. डबी भरताना कोणत्याही गोळीचा साठा दहा दिवसांवर आला की त्याच वेळी मागणी द्यायची. संपल्यावर धावाधाव होते ती नेमकी रविवारी रात्री. ही रविवारची डबी नवऱ्याकडे द्यायला अगदी योग्य काम आहे : वेळ ठरलेली, सुरुवात आणि शेवट स्पष्ट, आणि आई-वडील त्याचे आहेत.

डॉक्टरांच्या फाइलच्या पहिल्या पानावर तीनच प्रश्न लिहून न्या. आत गेल्यावर आधी ते वाचायचे. बाहेर आल्यावर आठवलेल्या प्रश्नासाठी पुन्हा नंबर लावावा लागतो.

दुपारी अडीच ते तीन हा अर्धा तास तुमचा. त्यात मळणं-निवडणं नाही, फोनवरची विचारपूसही नाही. सासूबाईंना हाक मारायची गरज पडू शकते, म्हणून पाण्याचा तांब्या, चष्मा आणि काठी अडीचच्या आधी त्यांच्या हाताशी ठेवा.

प्रश्न : पहाटे पाचला उठणारेच यशस्वी होतात असं सगळीकडे ऐकतो. मला जमत नाही. — एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्ही झोपता किती वाजता, हे पत्रात नाही, आणि सगळं त्यावरच आहे. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. बाराला झोपून पाचला उठलात तर पाच तास झाले. आठवडाभर असं केलं की चुका वाढतात, चुका निस्तरण्यात वेळ जातो आणि चिडचिड होते ती वेगळीच. साडेसहाला उठून काम नीट होत असेल तर उठण्याची वेळ बदलायचं कारण नाही.

नोकरीसाठी लवकर उठावंच लागणार असेल तर आधी झोपायची वेळ अलीकडे आणा, तीन-चार दिवसांना १५ मिनिटं या बेताने. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. त्यातल्या कॅफीनचा निम्मा भाग सुमारे पाच तासांनीही अंगात असतो. उठल्यावर खिडकीत किंवा गच्चीवर दहा मिनिटं उजेडात उभे राहा. सुटीच्या दिवशीही तासाभराहून जास्त उशीर नको, नाहीतर सोमवारी सगळं पहिल्यापासून.

प्रश्न : निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. वेळच वेळ आहे, तरी बँकेचं एक काम करायला आठवडा जातो आणि तेच डोक्यात घोळत राहतं. असं का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ मध्ये लिहिलेलं निरीक्षण तुमच्यावर तंतोतंत बसतं : हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरत जातं. नोकरीत असताना जेवणाच्या सुटीत बँक उरकत होतीच. आता शेवटची वेळ कुणी घालून देत नाही, म्हणून ती तुम्हालाच घालावी लागेल.

आठवड्यातला एक दिवस, समजा मंगळवार, बाहेरच्या कामांचा ठरवा. बँक, पोस्ट, लाइटबिल, दाखले सगळं मंगळवारी ११ ते १. सोमवारी संध्याकाळी कागद पिशवीत : पासबुक, आधारकार्ड, दोन झेरॉक्स, पेन, चष्मा. मंगळवारी न झालेलं काम पुढच्या मंगळवारी. मधल्या दिवसांत त्याचा विचार आला तर पिशवीत चिठ्ठी टाकायची.

हयातीचा दाखला हे याचं ठळक उदाहरण. तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो आणि बरेच जण शेवटच्या आठवड्यात रांगेत उभे राहतात. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी तो द्या. आता जीवन प्रमाण या सरकारी सोयीतून मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही देता येतो. आधारकार्डाला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना आणि पेन्शनच्या कागदांवरचं नाव आधारकार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळतं ना, हे ऑक्टोबरमध्येच पाहून ठेवा. नावातला फरक दुरुस्त व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या हातात नसतो.